शिशाची राख

१४ नोव्हेंबर १९८८, पिंगळी

बालदिनाला प्रकल्पाच्या बाईंनी सगळ्या अंगणवाडी सेविकांना एकेक डायरी दिली. बाकीच्या म्हणाल्या, दूधवाल्याचा हिशोब लिहू. मी ठरवलं, आपण मनातलं लिहायचं. दहावीपर्यंत शिकले, त्यातलं अक्षर तेवढं उरलंय.

घरात नवं काम सुरू झालंय. वैजीनाथ (नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, इथं लिहायला काय हरकत आहे) परभणीच्या गॅरेजमध्ये बॅटऱ्या दुरुस्त करायचे. ते सोडून त्यांनी घरामागं स्वतःची भट्टी घातली. ट्रक-ट्रॅक्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या आणायच्या, फोडायच्या, आतल्या प्लेटा कढईत वितळवायच्या. परभणीच्या मोंढ्यातला, बाजारातला शेठ शिशाच्या विटा घेऊन जातो. मला वाटलेलं, लोखंडासारखं अवघड काम असंल. पण शिसं तुपासारखं विरघळतं. वर राख येते ती हे पळीनं काढून कुंपणापाशी फेकतात. खाली चांदीसारखा लखलखीत रस. गार झाला की बघता बघता करडा पडतो. मुठीएवढा तुकडा उचलायला गेले तर हात खाली ओढला. नखानं ओरखडा उठतो, ठोकलं तर आवाज नाही. मुका धातू.

ह्यांनी आमच्या पोरीसाठी, गोदासाठी त्याचाच एक छोटा बैल ओतून दिला. ती तीन वर्षांची आहे. झोपतानाही सोडत नाही.

२३ नोव्हेंबर

धुरपताकाकूंना भट्टी पसंत नाही. काकू म्हणजे ह्यांच्या चुलती. सासूबाई ह्यांच्या लहानपणीच गेल्या, काका पण लवकर गेले, काकूंना मूलबाळ नाही. त्यांनीच ह्यांना वाढवलं. मागच्या खोलीत राहतात. भट्टी पेटली की पदर नाकाला लावून म्हणतात, "वैज्या, ह्या धुराची चव लागायली जिभेला. गावाबाहेर कर बाबा हे काम."

हे हसतात. "काकू, पैशाला वास नसतो."

मला एक फायदा झाला. बॅटऱ्यांचे काळे डबे फोडून राहतात ते चुलीत छान जळतात. आंघोळीचं पाणी त्यावरच तापतं. सरपणाची ददात मिटली. शेजारच्या पार्वतीबाईपण दोन टोपली घेऊन गेल्या.

गोदा दिवसभर भट्टीपाशी खेळते. आज हात चाटत आली. "आई, गोड हाय." गुळाचा खडा कुठं सापडला कोण जाणे.

८ डिसेंबर

ह्यांचं पोट दुखतंय. पिळवटल्यासारखं धरतं, गुडघे पोटाशी घेऊन पडतात. चार दिवस शौचाला नाही. एरंडेल दिलं, काही झालं नाही. आणि राग. ताटातली भाकर जाड झाली म्हणून ताटली भिरकावली. हे असे नव्हते.

पार्वतीबाईंच्या नवऱ्याची, किशनरावांची म्हैस मेली. आमच्या कुंपणाला लागून त्यांचा गोठा. म्हैस आधी आंधळी झाली म्हणे, गोल गोल फिरत होती. मग भिंतीला डोकं लावून तशीच दाबत उभी राहिली. पार्वतीबाई रडत सांगत होत्या, "भिंतीत शिरायलीय असं वाटत होतं बघा." परवापर्यंत दूध देणारं जनावर.

१८ डिसेंबर

दुसरी म्हैस गेली, आणि एक वगार, अजून न व्यालेली. तशीच. आंधळी होऊन, दात खाऊन.

आज ओट्यावर पार्वतीबाई म्हणाल्या, "ही भानामती हाय. दुसरं काही न्हाई."  मी अंगणवाडीची सुकडी वाटत होते. मी म्हणाले, "जनावरांचा डॉक्टर बोलवा की." त्या म्हणाल्या, "डाक्टर भानामतीवर काय सुई देणार?"

मग त्यांनी एक गोष्ट काढली. गेल्या महिन्यात काकू कुंपणापाशी उभ्या राहून त्यांच्या गड्याला म्हणाल्या होत्या, "हिकडं म्हशी सोडू नका रे बाबा, ही जागा वाईट हाय." मग म्हशी मेल्या.

"तिला आदी कसं कळलं?" पार्वतीबाईंनी माझ्याकडं बघून विचारलं.  काकूंना मी घरी आल्यावर विचारलं, तुम्ही असं का म्हणालात? त्या म्हणाल्या, "त्या राखेला म्हशी चाटायलत्या. मीठ चाटल्यासारख्या. मला बरं दिसलं न्हाई."

राख चाटून कुठं म्हैस मरते? आपण भांडी राखेनंच घासतो.

३० डिसेंबर

किशनरावांनी सटवाजी देवरशाला आणलं. मारुतीच्या पारावर बसून त्यानं तांदूळ टाकले, घुमला आणि म्हणाला, घर पूर्वेला आहे, बाई एकटी आहे, कूस उजवली नाही, म्हणून दुसऱ्याची जितराबं बघवत नाहीत. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज राहिली नव्हती. सगळ्यांनी माना आमच्या घराकडं वळवल्या.

हे तिथंच उभे होते. एक शब्द बोलले नाहीत.

घरी आल्यावर मी म्हणाले, "तुमी बोलायचं की काहीतरी." तर माझ्यावर धावून आले. "काय बोलू? माझं पोट रात्रंदिवस पिळायलंय, ते कोन करायलंय मग?"

काकू मागच्या खोलीत दळण निवडत होत्या. त्यांनी ऐकलं असणार.

६ जानेवारी १९८९

अंगणवाडीत पोरांची वजनं घेतली. गोदाचं वजन दिवाळीपेक्षा कमी भरलं. तक्त्यावर माझ्याच हातानं माझ्याच पोरीची रेघ खाली ओढली. जेवत नाही, पोट धरून रडते. चालता चालता पडते. "चांदोमामा" पूर्ण म्हणायची, आज दुसऱ्या ओळीला थांबून माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी पुढचे शब्द सांगितले तरी नाही. पांढरीफटक दिसते. गावातल्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं.

ह्यांचा उजवा हात मनगटातून लोंबायला लागलाय. कढईतून पळी उचलताना निसटली, पायावर शिसं सांडता सांडता राहिलं. बोटं मिटतात, पण पंजा वर उचलत नाही. दुखत नाही म्हणतात, नुसता उचलत नाही. मला हात दाखवून म्हणाले, "बघ. बांधलाय कुनीतरी."

कुणीतरी म्हणतात. नाव नाही घेत अजून.

मी माझ्याशी खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. आज काकू गोदाच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या तेव्हा मला तो हात झटकावा वाटला. मी झटकला नाही. पण वाटलं.

१४ जानेवारी

संक्रांत. काकू तिळगूळ घेऊन गल्लीत गेल्या आणि तसाच डबा घेऊन परत आल्या. कुणी घेतला नाही. पोरांना आयांनी आत ओढलं.

डबा माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "गोदीला तरी दे." मी हो म्हणाले. त्या गेल्यावर डबा फळीवर ठेवून दिला. दिला नाही.

२० जानेवारी, परभणी, सरकारी दवाखाना

काल सकाळी गोदाला झटका आला. मी पाणी तापवत होते. धप्प आवाज झाला. बघते तर पोरगी जमिनीवर, डोळे पांढरे, हातपाय ताठ होऊन हालायलेत, तोंडाला फेस. मी ओरडले. काकू धावत आल्या, हातात फोडलेला कांदा. "नाकाला लाव, नाकाला लाव, सोड मला तिच्याकडं."

मी दार लावलं.

 मी काकूंच्या तोंडावर दार लावलं आणि कडी घातली. मला त्या क्षणी सगळं खरं वाटलं. म्हशी, ह्यांचा हात, माझी पोर. मी आतून ओरडले, "तुमची सावली नको माझ्या पोरीवर." गल्लीनं ऐकलं. गल्लीला तेवढंच पाहिजे होतं.

बाहेर माणसं जमली. किशनरावांचा आवाज, सटवाजीचा आवाज. "आता सून पन मनायली." काकूंना ओढत नेल्याचं ऐकू येत होतं. त्या ओरडत नव्हत्या, नुसतं "वैज्या, वैज्या" म्हणत होत्या. आत बसलेले हे कडी काढून बाहेर गेले. मला वाटलं सोडवतील. थोड्या वेळानं परत आले आणि भिंतीला टेकून बसले. मी विचारलं, काय केलं त्यांनी? तर म्हणाले, "दात पाडले. दात पाडल्यावर इद्या जाती मनत्यात."

पारावरच्या दगडानं पाडले.

दुपारच्या पॅसेंजरनं गोदाला इथं आणलं. नामांतराच्या मोर्च्यामुळं शहर बंद होतं, स्टेशनावर रिक्षा नाही, मी पोरीला खांद्यावर टाकून चालत आले. इथले डॉक्टर म्हणाले, मेंदूज्वर असेल. सलाईन लावलंय. आज सकाळी परत झटका आला.

२३ जानेवारी

गोदा डोळे उघडते पण ओळखत नाही. छताकडं बघते. मी तिचं नाव घेत बसते. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणते, देवाचं नाव घे. घेते.

गावाकडून निरोप, काकू गेल्या. कुठं, कुणाला ठाऊक नाही. त्याच संध्याकाळी तोंडाला पदर बांधून स्टेशनकडं जाताना कुणीतरी बघितल्या. म्हातारी बाई, रक्ताळलेल्या तोंडानं. कुणी थांबवलं नाही. मी तर दाराआड होते.

विद्या गेली म्हणे. मग माझी पोर का उठत नाही?

२७ जानेवारी

आज हे आले. खाटेशी बसले, डावा हात गोदाच्या पायावर ठेवला. 

मग सांगितलं. किशनरावांची तिसरी म्हैस गेली. ती बँकेच्या कर्जाची, विम्याची, म्हणून गुरांच्या डॉक्टरला बोलवावंच लागलं. डॉक्टरनं ती उघडली. पोटात काळे तुकडे, पांढरट राख, मुठीच्या मुठी. डॉक्टर तुकडा बोटांत धरून कुंपणापाशी गेले आणि ह्यांच्या ढिगातला तुकडा उचलून शेजारी धरला.

"काय मनले ते?"

"मनले, हे इख हाय. शिसं पोटात गेलं की जनावर आंधळं होतं, डोकं भिंतीला लावतं, मरतं. मनले, घरात लहान लेकरू हाय का?"

मी उठले. डॉक्टरांच्या खोलीत तशीच शिरले, शिपायानं अडवलं तरी. सगळं सांगितलं. भट्टी, डबे चुलीत जाळलेले, कपड्यांवरची राख, शिशाचा बैल तोंडात घेऊन झोपते ते. बोट चाटून गोड म्हणाली तेही सांगितलं. डॉक्टर उठून खाटेपाशी आले. गोदाचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ. मी रोज तिला दात घासायला लावायचे. मी कधी बघितली नव्हती.

मग ह्यांना म्हणाले, "दोन्ही हात पुढं करा." डावा राहिला, उजव्याचा पंजा खाली पडला. "तोंड उघडा." तीच रेघ.

 डॉक्टर सावकाश समजावत होते. शिसं धुरातून जातं, धुळीतून जातं, हातावरून तोंडात जातं. शरीराला वाटतं चुना आलाय, म्हणून हाडांत साठवून ठेवतं. रक्त कमी करतं, नसा मारतं. लहान लेकराच्या मेंदूवर चढतं. त्याची चव गोडसर असते म्हणून पोरं आणखी चाटतात. जळलं म्हणून ते संपत नाही, हवेत गेलं तरी खालीच येऊन बसतं.

इंजेक्शन आहे. इथं नाही. औरंगाबाद नाहीतर हैदराबादहून आणावं लागेल. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. हे तसेच स्टेशनवर गेले.

जाताना दारात थांबून म्हणाले, "काकू मनत हुती, धुराची चव लागायली."

मी तोंड फिरवलं. ह्यांच्याकडं बघवेना आणि स्वतःकडं तर नाहीच.

३१ जानेवारी

इंजेक्शन अजून नाही. हे हैदराबादला गेलेत, काही कळत नाही. गोदाला काल तीनदा झटके. आता रडतही नाही. रडली तर बरं वाटेल अशी वेळ आलीय.

मी दर महिन्याला वीस पोरांची वजनं घेते, रोज सुकडी खाऊ घालते, आयांना सांगते पोरांचे हात धुवा. माझ्याच घरात मी पोरीला त्या चुलीवर तापलेल्या पाण्यानं न्हाऊ घालत होते, धूर तोंडावर येत होता आणि मला सरपण वाचल्याचा आनंद होता.

बैल पिशवीत होता. आज दवाखान्यामागच्या विहिरीत टाकणार होते. मग वाटलं, ते पाणी कोण पितं कोण जाणे. परत पिशवीत ठेवला. टाकायचा तरी कुठं?

३ फेब्रुवारी

हे काल आले. औषध मिळालं. डोळे खोल गेलेत, दोन दिवस जेवले नसावेत. शहरात उरसाची गर्दी, आमच्या वॉर्डापर्यंत पाळण्यांचा आवाज येतो. इंजेक्शनं सुरू झाली. सुई खोल मांसात देतात. आज पहिल्यांदा गोदा किंचाळली. मी आणि शेजारची बाई दोघी रडलो, आनंदानं.

१८ फेब्रुवारी

झटके थांबले. गोदा भात खाते. मला "आई" म्हणते. चांदोमामा नाही. डावा पाय ओढते. मी डॉक्टरांना विचारलं, पहिल्यासारखी होईल? ते खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "जिवंत राहिली हे मोठं आहे. बाकीचं हळूहळू बघू. पण त्या अंगणात परत नेलं तर मी काही करू शकणार नाही. हाडातलं निघायला वर्षं लागतात, त्यात नवी भर नको."

घर तर तेवढंच आहे आमचं.

२१ फेब्रुवारी, पिंगळी

गोदाला दवाखान्यातच नर्सबाईंच्या भरवशावर ठेवून दिवसभरासाठी गावी आले.

ह्यांनी भट्टी फोडलीय. डाव्या हातानं अंगणाची माती खरवडतायत. वीतभर खरवडली. पोत्यात भरून ठेवलीय. मला विचारलं, "ही टाकू कुठं? नदीला टाकली तर मासे. रानात टाकली तर गुरं." पोती ओळीनं भिंतीला लावून ठेवलीत. शेठ आला होता, म्हणाला दुसऱ्या गावात जागा देतो, गडी देतो, तू नुसतं शिकव. ह्यांनी त्याला काय उत्तर दिलं ते सांगितलं नाही. पोती मात्र भरत राहिले.

मी किशनरावांकडं गेले. म्हणाले, डॉक्टरनं तुमच्यासमोर सांगितलं ना? शिसं होतं. काकूंनी काही केलं नव्हतं. तुम्ही चार माणसांत तसं बोला.

किशनराव सुपारी कातरत होते. "शिसं असंल. न्हाई मनत न्हाई. पर कोकिळाबाई, शिशाला आमच्याच म्हशी सापडल्या का? आनि तिला आदी कसं ठाऊक?" मग नजर न उचलता म्हणाले, "आनि पयलं दार तर तुमीच लावलं."

पार्वतीबाई आतून बाहेर आल्या नाहीत. परत येताना बघितलं, त्यांच्या चुलीपाशी अजून ते काळे डबे होते. मी न विचारता उचलून आणले.

२४ फेब्रुवारी

काकूंचा पत्ता लागला. राणीसावरगावला भावाकडं आहेत. भाऊ, बन्सीधरमामा, गंगाखेडच्या बाजारात ह्यांच्या ओळखीच्या माणसाला भेटले आणि म्हणाले, "त्या घरच्या कुनी तोंड दाखवू नये." तरी जायचं ठरवलं. गोदाला दवाखान्यातून घेतलं आणि थेट तिकडची एसटी धरली.

बन्सीधरमामांनी दारातच अडवलं. "काहून आलीस? आता काय राह्यलंय पाडायचं?"

आतून काकूंचा आवाज आला. शब्द फसफसत होते. "येऊ दे तिला. पोर हाय तिच्याजवळ."

काकू ओसरीवर बसल्या होत्या. समोरचे दात नाहीत, वरचा ओठ आत गेलाय. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. काय काय बोलले आठवत नाही. शिसं, राख, म्हशी, डॉक्टर, सगळं एका दमात. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मी काही केलं न्हाई, हे तुला डाक्टरनं सांगितल्यावर कळलं."



"मी तुला माफ केलं असं समजून जाऊ नकोस कोकिळे. मला अजून रोज ती कडी ऐकू येती." मग गोदाकडं बघितलं. "पोरगी चालती का?"

मी गोदाला खाली सोडलं. ती पाय ओढत ओढत गेली. काकूंचं तोंड बघून घाबरेल असं वाटलं मला. ती गेली आणि त्यांच्या मांडीत जाऊन बसली.

काकूंनी तिचा पाय हातात घेऊन दाबून बघितला. बराच वेळ दाबत राहिल्या. "तिथल्या मातीत खेळवायचं न्हाई मनला का डाक्टर?"

"हो."

"मग ठिव हितं. हितली माती चांगली हाय. गाईचं दूध हाय. मी तेल लावीन पायाला."

मी म्हणाले, "मी पण राहते." त्यांनी मान हलवली. "तू न्हाई. तुझं तोंड मला अजून सोसत न्हाई. पोरीचं सोसतं."

अंगणवाडीही सुटणार नाही, पगार आता तेवढाच आहे. आणि हात पडलेला माणूस घरी आहे. मी तिचे कपडे, औषधं, कुठली गोळी कधी द्यायची ते बन्सीधरमामांना दोनदा सांगितलं. पिशवीतला बैल काढून सांगितलं, हा परत घेऊन जाते, असलं काही हाती देऊ नका. एसटीत बसेपर्यंत मागं बघितलं नाही. बसल्यावर बघितलं. गोदा रडत नव्हती. मी रडत होते म्हणून कंडक्टरनं तिकिटासाठी थांबून दुसऱ्यांची आधी फाडली.

२५ फेब्रुवारी

सकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ऐकताना मान खाली होती.

"काकू माझ्याबद्दल काय मनल्या?"

"काही नाही. तुमचं नाव काढलं नाही."

 ह्यांनी उठून खुंटीवरचा धुतलेला शर्ट घेतला. "मी जातो. मारू द्या बन्सीधरला मारायचं तर."

एका हातानं बटण लावायला लागले. उजवा पंजा छातीवर नुसता घसरत होता. बटण काजापर्यंत यायचं आणि निसटायचं. मी चुलीपाशी बसून बघत होते. मला उठवत नव्हतं. त्या दिवशी पारावरून हेच हात रिकामे परत आले होते.

गंगाखेडची एसटी फाट्यावर साडेआठला येते. ते तसंच उघड्या शर्टानं निघायला लागले.

मी उठले, दारात अडवून सगळी बटणं लावून दिली.  ते गेले.